पिशव्यांपाशी कोण बसणार

जेवणाच्या टेबलावर सात टाचण्या, एकतीस सेंटिमीटर लाल दोरा, दोन चष्मे, शेंगदाण्याच्या चटणीची एक बरणी आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा एक ऑक्सिमीटर होता. या सगळ्याखाली दक्षिण अमेरिका पसरली होती. मुलींच्या हायस्कूलने मोडीत काढलेला हा कापडी नकाशा आत्याने निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांकडून मागून घेतला होता. त्याची वरची काठी तुटली होती. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या तितिकाका सरोवराच्या जागी छडी टेकवून टेकवून निळ्या रंगाचा पांढरा डाग झाला होता.

"एका सेंटिमीटरला ऐंशी किलोमीटर," आत्या म्हणाली. "किती झालं?"

"दोन हजार चारशे ऐंशी."

"एवढंच? गडहिंग्लजहून दिल्लीला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यायचं."

"आत्या, दोऱ्याला डोंगर कळत नाहीत."

"मला कळतात. एकतीस वर्षं शिकवलेत."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन चार महिने झाले होते आणि नोकरी लागायची होती. आत्या चौसष्ट वर्षांची. बाबांची ही थोरली बहीण, हेमलता शिंत्रे, गावात सगळ्यांची शिंत्रेबाई. लग्न केलं नाही. आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहायची. कधी भारताबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता तिला पेरू आणि बोलिव्हियातली जुनी शहरं बघायची होती. सोबतीला मी.

भांडण क्रमावरून चाललं होतं.

"काराल आधी," ती म्हणाली. "पाच हजार वर्षं जुनं. मग नाझ्काच्या रेषा. मग तिवानाकू. माचू पिक्चू शेवटी, ते कालपरवाचं."

"नाझ्का पाचशे मीटरवर आहे आणि तिवानाकू तीन हजार आठशे पन्नासवर. तू एका उडीत तिथे जाणार? आपण उंचीच्या क्रमाने जायचं. काराल, नाझ्का, मग आरेकिपाला चार दिवस मुक्काम, मग माचू पिक्चू, कुस्को आणि सगळ्यात शेवटी तिवानाकू."

"इतिहास काय उंचीच्या क्रमाने घडला?"

"इतिहास नाही. तुझं फुफ्फुस उंचीच्या क्रमाने चालतं."

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसला. मला वाटलं, मी जास्त बोलले.

"काराल दोन्हीकडे पहिलंच येतंय," चष्मा परत लावून ती म्हणाली. "तेवढं तरी माझं राहिलं." आणि तिने तिवानाकूची टाचणी काढून दोरा कुस्कोवरून फिरवून घेतला.

एकोणिसाव्या वर्षी तिला क्षय झाला होता. औषधांनी बरी झाली, पण उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग कायमचा निकामी झाला. जिना चढताना ती मध्ये एकदा थांबायची आणि थांबलेली दिसू नये म्हणून खिडकीतून बाहेर काहीतरी बघायची.

बाबा तेवढ्यात चहा घेऊन आले. नकाशाकडे बघून हसले.

"सगळं ठरलं म्हणायचं. पण मग तिथे पिशव्यांपाशी कोण बसणार, अक्का? तुझी तर सवयच."

हा आमच्या घरातला जुना विनोद. जोतिबाला जा, पन्हाळ्याला जा, पायऱ्या दिसल्या की कोणीतरी म्हणायचं, "अक्का बसेल पिशव्यांपाशी." आणि आत्या सावली बघून बसायची, भोवती सगळ्यांच्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या. मी लहानपणी माझी चप्पलसुद्धा तिच्याच मांडीशेजारी काढायचे.

आत्या त्या दिवशी हसली नाही. "चहात साखर कमी आहे," एवढंच म्हणाली.

डॉक्टर हत्तरकींनी आत्याची छाती पुढून-मागून तपासली, क्ष-किरणांचा जुना फोटो उजेडात धरून पाहिला आणि खुर्चीत मागे टेकले.

"बाई, माझी बहीण तुमच्या वर्गात होती. अजून सांगते, नकाशावर चुकीची नदी दाखवली की शिंत्रेबाई कान धरायच्या. तुम्हाला खोटं सांगायची माझी हिंमत नाही. इथे तुमचा ऑक्सिजन पंचाण्णव आहे, छान आहे. वर गेल्यावर किती राहील, ते मला इथे बसून सांगता येणार नाही."

"मग कुठे बसून सांगता येईल?" आत्याने विचारलं.

"उंचावर. निदान अडीच हजार मीटर."

"महाराष्ट्रात तेवढी उंचीच नाही," आत्या म्हणाली. "कळसूबाई सोळाशे शेहेचाळीस."

"उटीजवळ आहे," मी म्हणाले. "दोड्डबेट्टा. दोन हजार सहाशे सदतीस. वरपर्यंत गाडी जाते."

आत्या माझ्याकडे वळून बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, मी उत्तर बरोबर दिलं म्हणून.

डॉक्टरांनी नियम घालून दिला. माथ्यावर अर्धा तास शांत बसायचं. मग दहा-दहा मिनिटांनी तीन नोंदी घ्यायच्या. तिन्ही अठ्ठ्याऐंशी किंवा त्याहून वर आल्या, तर ते प्रवासाच्या विम्यासाठी पत्र देतील. एक जरी खाली गेली, तर पत्र मागायला येऊ नये. सहलीच्या कंपनीने आमच्या दोन जागा तीस एप्रिलपर्यंतच धरून ठेवल्या होत्या आणि पत्राशिवाय त्या पक्क्या होणार नव्हत्या.

परत येताना आत्या म्हणाली, "केतकी, एक कबूल कर. जो आकडा येईल तो लिहायचा. मला वाईट वाटेल म्हणून एकाने वाढवायचा नाही."

"मी कशाला वाढवीन?"

"कारण तू चांगली पोरगी आहेस. चांगली माणसंच असला घोटाळा करतात."

मधे सायलीताईचं लग्न आलं. ताई माझी मोठी बहीण. घरात पस्तीस-चाळीस माणसं. मेंदीच्या दिवशी बाहेरून मेंदीवाली आणायची की नाही यावर आईची आणि मावशीची जुंपली, आणि शेवटी माझा हात बरा म्हणून मलाच बसवलं. बाजारातून आणलेले गडद रंगाचे कोन मी संध्याकाळपर्यंत पिळत होते. सगळ्यात शेवटी मुलींनी आत्याला पकडून आणलं.

"सोडा गं, मास्तरणीला काय करायचीय मेंदी? खडूने हात पांढरे झाले जन्मभर."

"आता खडू नाही, फळा नाही," ताई म्हणाली. "बस की आत्या. एकदाच."

आत्या माझ्यासमोर बसली. हात पुढे केले तेव्हा मला कळलं, तिला कुठे धरायचं, बोटं किती फाकायची, काहीच माहीत नाही. मी तळहातावर एक साधी वेल काढली आणि आपल्याकडे काढतात तशी दहाही बोटांची टोकं पेरापर्यंत गच्च भरली, नखांसकट.

"किती वेळ असं धरायचं?"

"तीन तास तरी."

ती तीन तासांऐवजी पाच तास हात पुढे धरून बसली. जेवण मी भरवलं. सकाळी टोकं जवळजवळ काळी झाली होती आणि आत्या ते कोणाला तरी दाखवायचं निमित्त शोधत अंगणात फिरत होती.

शनिवारी लग्न झालं. सोमवारी आम्ही दोघी बेळगावहून गाडीने म्हैसूरला आणि तिथून बसने उटीला गेलो.

दोड्डबेट्ट्याच्या माथ्यावर वारा होता. गाडीतळापासून वर जाताना आत्या दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा तिने मला कुठलं झाड कुठलं ते सांगितलं. दुर्बिणीच्या इमारतीमागे आडोशाला एक बाक मिळाला. मी घड्याळ लावलं. अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी सरळ बसली होती.

ऑक्सिमीटर नीट चालतो का ते बघायला मी आधी स्वतःला लावला. डाव्या हातात वही होती, म्हणून उजव्या तर्जनीला. पंचाण्णव. यंत्र ठीक होतं. मग आत्याच्या डाव्या तर्जनीला लावला.

आकडा थोडा वेळ हलला आणि थांबला.

आत्याचा चष्मा धुक्याने भरला होता. तिला दिसत नव्हतं. "किती?" तिने विचारलं.

नव्वद म्हणायला एक क्षण पुरला असता. तिला कळलं नसतं, डॉक्टरांना कळलं नसतं.

"केतकी. वाच."

"ब्याऐंशी."

"लिही."

दहा मिनिटांनी चौऱ्याऐंशी. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा ब्याऐंशी. मी तिन्ही लिहिले. आत्याने वही मागितली, चष्मा पुसून आकडे पाहिले, खाली तारीख घातली आणि शाळेत घालायची तशी सही केली.

"तुला गरगरतंय का? दम लागतोय?"

"नाही. बरंच वाटतंय मला. पण मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय? चल, खाली जाऊ."

उतरताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. बऱ्याच वळणांनंतर बोलली.

"मी इथे आलेय आधी. एम.ए.च्या सहलीला. तेवीस वर्षांची होते, तुझ्याएवढी. वर जायच्या दिवशी सकाळी खोकला आला. साधा खोकला होता. सर म्हणाले, शिंत्रे, तुम्ही खालीच थांबा. सगळ्यांच्या पिशव्या माझ्यापाशी ठेवल्या. सव्वीस पिशव्या. मी दिवसभर मोजत बसले होते."

मी वही पिशवीत ठेवली.

"नंतर वर्गात शिकवताना दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच. बाई, तुम्ही पाहिलंय का हे? मी म्हणायचे, नाही. आता वर तरी जाऊन आले," ती म्हणाली. "त्या हिशेबाने प्रयोग वाया नाही गेला."

घरी आल्यावर तिने टाचण्या डबीत भरल्या, दोरा बोटांभोवती गुंडाळला आणि नकाशा उभा गुंडाळून कपाटामागे ठेवला. बाबांनी वही पाहिली आणि घाबरले. त्यांनी तिथल्या तिथे तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. शहाऐंशी आला. घरात बसून शहाऐंशी.

"बघितलंस? प्रवासाने बाधलं तिला. तुझ्या त्या पेरूच्या नादाने..."

"ओरडू नको तिच्यावर, वसंता. मीच नेलं तिला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. छाती तपासली, ताप नाही, खोकला नाही, चालवून पाहिलं. "मला तर काही वेगळं ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पण आकडा चांगला नाही. विश्रांती घ्या. दोन दिवसांनी रक्त तपासू."

ते गेल्यावर मी ऑक्सिमीटर घेऊन स्वयंपाकघरात बसले. मला तो शहाऐंशी पटत नव्हता. जी बाई आत्ता पंधरा मिनिटं आईशी कोथिंबिरीवरून भांडली, तिचा ऑक्सिजन एवढा कमी? मी बॅटऱ्या बदलल्या. भिंगावरची धूळ कापसाने पुसली. उजव्या हाताने बॅटरीचं झाकण दाबून धरलं होतं, म्हणून यंत्र डाव्या तर्जनीला लावलं.

सत्त्याऐंशी.

मी झाकण सोडलं. यंत्र काढून उजव्या तर्जनीला लावलं. अठ्ठ्याण्णव.

पुन्हा डाव्या. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा उजव्या. अठ्ठ्याण्णव.

मी दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जी दुसऱ्यांना मेंदी काढते तिचा एक हात नेहमी कोरा राहतो. सगळ्यांचं झाल्यावर मी उरलेल्या कोनाने माझ्या डाव्या हाताची टोकं भरली होती, आणि उजव्या हातावर काढून द्यायला कोणी जागं नव्हतं. डाव्या हाताची पाचही टोकं काळी होती. उजवा हात जन्मला तसा.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश आरपार सोडतो आणि कुठला किती अडला ते मोजतो; बोटावर गडद रंग असला की हा हिशेब चुकतो. हे मी दोनच वर्षं आधी प्रयोगशाळेत स्वतः मांडून पाहिलं होतं, वीसपैकी अठरा गुण मिळवले होते. आणि माझ्या हाताने आत्याची दहाही बोटं रंगवून, त्यांतलंच एक बोट घेऊन डोंगरावर गेले होते. वर यंत्र बरोबर आहे म्हणून पडताळणी केली, तीही कोऱ्या हाताने.

मी पुढच्या खोलीत पळाले. आत्या पलंगावर पेपर वाचत होती.

"पाय दे."

"काय?"

"आत्या, पाय दे तुझा. अंगठा."

"अगं, पायाला काय लावतेस ते? बोटाला लावलेलं यंत्र..."

"आई पुसून घेईल. हलू नको."

पायाचा अंगठा जरा गार होता, मी दोन्ही तळव्यांत धरून चोळला. यंत्राला वेळ लागला. दारात बाबा येऊन उभे राहिले होते.

"पंचाण्णव," मी म्हणाले. मग मी तिला माझे दोन्ही हात दाखवले आणि डावा-उजवा, डावा-उजवा असं करून आकडे दाखवले. चौथ्या वेळी आत्याने यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः करून पाहिलं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "चौसष्ट वर्षांत एकदा मेंदी लावली, ती ही अशी भोवली."

"चूक माझी आहे. मीच भरली टोकं."

"सुंदर भरलीस. त्याला नावं ठेवू नको." ती तळहात उलटसुलट करून बघत होती. मग एकदम म्हणाली, "वही आण. त्या तीन नोंदी खोडायच्या नाहीत. शेजारी कारण लिही."

बाबा म्हणाले, "बरं झालं. इथे पंचाण्णव आहे म्हणजे झालं. डॉक्टरांना सांगू, पत्र देतील."

"इथला पंचाण्णव त्यांना आधीही माहीत होता," आत्या म्हणाली. "वरचा अजून कोणालाच माहीत नाही. आज तारीख किती?"

"एकवीस."

"मग नऊ दिवस आहेत. वसंता, बेळगावची तिकिटं बघ."

"पुन्हा उटी? अक्का, तुला..."

"दम लागतो. माहीत आहे मला. तिकिटं बघ."

बाबा मोबाईल काढायला आत गेले.

दुसऱ्यांदा दोड्डबेट्ट्यावर ऊन होतं. तोच बाक मिळाला. अर्ध्या तासानंतर आत्याने चप्पल काढली, मोजा काढला आणि साडी घोट्यापर्यंत सावरून डावा पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी अंगठा चोळत होते. शेजारून जाणाऱ्या एका कुटुंबातल्या आजी थांबल्या आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. आत्याला एक शब्द कळला नसेल, तरी ती मराठीत म्हणाली, "भाची आहे माझी. परीक्षा चाललीय." आजी मान डोलवून गेल्या.

"आत्या, आता आकडा कमी आला तर?"

"तर कमी आला. पण या वेळी तो माझा असेल."

नव्वद. एक्याण्णव. एक्याण्णव.

आत्याने पायमोजा चढवला, चप्पल घातली, सही केली. मग उठून ती एकटीच कठड्यापर्यंत गेली आणि खाली बघत उभी राहिली. मध्ये थांबली नाही. परत आल्यावर विचारलं, "इथून कुठला डोंगर कुठला ते सांगते, ऐकणार का?" मी पाऊण तास ऐकलं.

डॉक्टरांनी सत्तावीस तारखेला पत्र दिलं. खाली एक ओळ जादा लिहिली होती, की प्रवासात दोघींनीही बोटांना मेंदी लावू नये.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. काराल पाहिलं, नाझ्काच्या रेषा मनोऱ्यावरून पाहिल्या, आरेकिपाला ठरल्याप्रमाणे चार दिवस राहिलो. माचू पिक्चूला आत्या पायऱ्यांवर दर वीस पायऱ्यांनी थांबली आणि थांबते आहे हे लपवलं नाही. कुस्कोत माझं डोकं दुखायला लागलं.

तिवानाकूला पोचलो त्या सकाळी आकाश अगदी निळं होतं आणि मला काही खाववत नव्हतं. गाडीतून उतरल्यावर मी दोन पावलं चालले आणि तिकीटघराच्या भिंतीला टेकले. समोर पायऱ्यापायऱ्यांची मातीची प्रचंड टेकडी होती. वाटाड्या म्हणाला की तिच्या माथ्यावरून सगळं जुनं शहर दिसतं.

"पाणी प्यायलीस का?" आत्याने विचारलं.

"हो. जरा बसते. तू थांब, मी येते दहा मिनिटांत."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग खांद्यावरची पिशवी काढून माझ्या शेजारी ठेवली. माझी पाठीवरची पिशवी उतरवून त्या पिशवीजवळ ठेवली. शाल, पाण्याच्या दोन बाटल्या, वाटाड्याची छत्री. सगळं माझ्याभोवती नीट मांडलं.

"तू बस इथे," ती म्हणाली.

ती टेकडीकडे निघाली. मी मोजत होते. सोळा पायऱ्यांनंतर थांबली, मग अठरा, मग पुन्हा सोळा. माथ्यावर पोचल्यावर पांढरी साडी वाऱ्यात हलताना दिसली आणि हात वर केलेला दिसला. मीही हात केला. पिशव्या चार होत्या. तिकीटघराजवळच्या आमच्या गटातल्या दोघांनी मधेच त्यांच्याही आणून ठेवल्या होत्या.

तासाभराने ती खाली आली. लाल झालेला चेहरा, बुटांवर धूळ. माझ्या शेजारी भिंतीपाशी बसली, बाटलीतलं पाणी प्यायली.

"घड्याळ लाव," ती म्हणाली. "अर्धा तास. मग वही काढ."

मी वही काढली. दोघींनी एकामागून एक डावी तर्जनी पुढे केली. नखं स्वच्छ होती.

तिवानाकू, ३,८५० मीटर, दुपारी १२ वाजून २० मिनिटं. आत्या ८७. मी ८२.